काळ्या पाईपाला सोल्युशन धरत नाही

परवा एक तिशीतला माणूस दुकानात आला. एका हातात पांढऱ्या पाईपचा तुकडा, दुसऱ्या हातात काळ्या पाईपचा. दोन्ही काउंटरवर आपटले आणि म्हणाला, "मिस्त्री, ही दोन्ही चिकटतील असं सोल्युशन द्या. जरा जोरातलं द्या, लई घाई हाय."

मी त्याला हाकलून दिलं. उगाच मोठेपणा म्हणून लिहीत नाही, खरंच ओरडून पायरीखाली उतरवला. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. आतून आमच्या मंडळी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, गिऱ्हाईकाशी असं बोलतात का? साठी उलटली, आता तरी आवरा." आवरत नाही, त्याला मी काय करू? दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती लिहून मागितल्यात. माझ्याकडं गमती थोड्या आहेत आणि राग भरपूर आहे. तर तो राग कुठनं आला, तेवढं सांगतो.

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं दुकान. मालही विकायचा आणि जोडूनही द्यायचा. नव्वदच्या पुढची ती वर्षं म्हणजे बारामती-इंदापूर भागात नुसता प्लास्टिकच्या पाईपांचा सुकाळ. जो तो चर खोदतोय. लोखंडी पाईप महाग, गंजतो, दोघांना उचलत नाही. प्लास्टिकचा पाईप सायकलला बांधून माणूस एकटा गावाला नेतो. त्यामुळं लोकांना वाटायला लागलं की हे काम पोरखेळ आहे. विळ्यानं कापायचं, सोल्युशन फासायचं, झालं!

अरे, झालं कसं? बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून साध्या शब्दांत सांगतो. पांढरा पाईप असतो तो पीव्हीसी. त्याला सोल्युशन लागतं, पण ते काही डिंक नव्हे. ते पाईपचा वरचा थर मऊ करतं आणि दोन तुकडे एकमेकांत मुरतात. त्यासाठी टोक सरळ कापायचं, पॉलिश पेपरनं घासायचं, कोरडं पुसायचं, दोन्हीकडं सोल्युशन लावायचं, आत सारून थोडा पीळ द्यायचा आणि हात न हलवता धरून ठेवायचं. मग दिवसभर त्याला पाणी दाखवायचं नाही. काळा पाईप म्हणजे एचडीपीई. हा वेगळ्या जातीचा. ह्याला जगातलं कुठलंही सोल्युशन धरत नाही. तेलकट तव्यावर कागद चिकटवून बघा, तसंच. काळ्याला काळा जोडायचा तर लोखंडी तवा तापवून त्यावर दोन्ही टोकं वितळवायची आणि एकमेकांवर दाबायची. आणि काळ्याला पांढरा जोडायचा तर एकच रस्ता: दोन्हीच्या टोकाला फ्लँज, म्हणजे भोकं असलेल्या जाड चकत्या बसवायच्या, मध्ये रबर घालायचं आणि नटबोल्टनं आवळायचं. बस. एवढं दहा वेळा सांगूनही लोक अकराव्यांदा विचारतात, "पण थोडं जास्त लावलं तर?"

सोमेश्वरनगरकडचा एक बागायतदार होता. त्याला जोडाचं सॉकेट घ्यायचं जिवावर यायचं. तो उसाच्या पाचटाचा जाळ करायचा, त्यात पाईपचं टोक धरायचा, मऊ झालं की दुसरा पाईप आत ठोकायचा. टोक करपून काळंकुट्ट, एका बाजूला जाड, दुसरीकडं पापडासारखं. दर हंगामात चार ठिकाणी फुटायचं आणि दर हंगामात हा माझ्याकडं येऊन कंपनीला शिव्या द्यायचा. एकदा मी त्याला म्हणालो, "अहो मालक, पाईप हाय का भरताचं वांगं? किती भाजाल?" रागावून वर्षभर आला नाही. मला काही वाईट वाटलं नाही.

दुसरे होते विष्णूतात्या. वालचंदनगरच्या कारखान्यात जन्मभर फिटर, निवृत्तीनंतर बारामतीत लेकाकडं राहायला आले. जन्मभर लोखंडाशी झोंबी घेतलेला माणूस. आट्यांवर, म्हणजे पेचांवर, सफेदा फासून सुतळी गुंडाळून हातभर पान्यानं असा आवळायचे की लोखंड कण्हायचं. तसंच त्यांनी प्लास्टिकच्या आट्यांना आवळलं. एका सकाळी तीन जोड फोडले. चौथा मागायला आले तेव्हा मी म्हणालो, "तात्या, हातानं आवळंल तेवढंच आणि वर एक फेरा. पाना घरी ठेवा." ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी त्यांची पेन्शनच बंद केली. पण ह्याच माणसानं मला धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट शिकवली. जोड केला की त्याच्याखाली कोरडं वर्तमानपत्र अंथरायचं, पूर्ण दाब द्यायचा आणि एक दिवस थांबायचं. डोळ्याला न दिसणारा थेंब कागदावर दिसतो. "कागद कोरडा असंल तरच तोंड उघडायचं," तात्या म्हणायचे. "तवर कुणी इचारलं तरी बसलं म्हणायचं न्हाय."

मी एकदा 'बसलं' म्हणालो. कागद न अंथरता. तीच गोष्ट सांगायला बसलोय.

निमगाव केतकीच्या पलीकडं माळावर धनगरांची एक वस्ती होती, तीसेक घरं. मेंढरं बहुतेकांनी विकलेली, कुणी शेती, कुणी ट्रॅक्टरवर, कुणी एमआयडीसीत. वस्तीला पाणी नाही. खाली ओढ्याकाठच्या विहिरीवरनं बाया हंडे आणायच्या, तेही चढावर. शेवटी नळाची योजना मंजूर झाली. विहिरीवर मोटर, तिथनं टेकाडाच्या पायथ्यापर्यंत पांढरा पाईप चरातनं. पुढं सगळा कातळ, चर खोदता येत नाही, म्हणून पायथ्यापासनं वरच्या टाकीपर्यंत काळा पाईप खडकावरनं. काळा आणि पांढरा भेटायचे ते बरोबर पायथ्याला, एका बाभळीखाली. टाकीपर्यंतच्या सगळ्या चढाचं पाणी त्या एका जोडावर उभं राहणार. सगळ्यात जास्त दाब तिथं.

कंत्राटदाराचं नाव लिहीत नाही. लिहायची लायकी नाही. आम्ही त्याला भाऊसाहेब म्हणायचो. जोडकाम माझ्याकडं होतं. वरचा काळा पाईप मी तव्यावर असा जोडला होता की आज बघितला तरी अभिमान वाटेल. राहिला फक्त बाभळीखालचा जोड. त्या मापाच्या फ्लँज बारामतीत नव्हत्या. पुण्याहून यायला चार दिवस लागणार होते.

भाऊसाहेब म्हणाला, "चार दिवस? परवा उद्घाटन हाय. मंडप ठोकलाय."

"मग उद्घाटन पुढं ढकला."

"मिस्त्री, पुढारी तुमच्या सोयीनं येत्यात व्हय? पांढरा पाईप तापवा, काळ्यावर चढवा, सोल्युशन लावा, वरनं तार आवळा. टाकीत टँकरनं पाणी सोडतो. नळ सुटला की झालं. मंगळवारी तुमची फ्लँज टाका."

"काळ्याला सोल्युशन धरत नाही, भाऊसाहेब."

"तुमाला पुढच्या तीन गावांची कामं पायजेत का न्हाय?"

आता मी काय करायला हवं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. पिशवी उचलून एसटी धरायला हवी होती. नाही धरली. पुढची तीन गावं डोळ्यांपुढं आली. आणि लाज वाटते लिहायला, पण मी पाचट गोळा केलं. ज्या माणसाला भरताचं वांगं म्हणून हिणवलं, त्याच्यासारखाच जाळ केला, पांढऱ्या पाईपचं टोक करपवलं, काळ्यावर चढवलं, सोल्युशनचा अख्खा डबा ओतला आणि तार गुंडाळली. ते काम माझ्या हातांनी केलं. दुसऱ्या कुणाच्या नाही.

हे सगळं ठकूबाई बघत होती. वस्तीवरची सत्तरीतली बाई, वाळलेल्या खोडासारखी काटक. योजनेसाठी तालुक्याला सगळ्यात जास्त खेटे तिनंच घातलेले. तिच्याजवळ एक घोडी होती, पाखरी नावाची. मेंढरांमागं फिरायचे तेव्हा बिऱ्हाड वाहायला ठेवलेली. मेंढरं गेली, घोडी राहिली. आता ती पाणी वाहायची. दोन्ही बाजूंना दोन-दोन कॅन, सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या. घरात सहा माणसं, सून गरोदर. ठकूबाईचं सगळं घर त्या घोडीच्या पाठीवर पाणी पीत होतं. तिची पोरं मागं लागली होती की आता नळ येणार, घोडी कशाला पोसायची, चारा कुठनं आणायचा, विकून टाक.

ठकूबाई बाभळीखाली माझ्याजवळ उकिडवी बसली. म्हणाली, "मिस्त्री, बसलं का रं घट्ट?"

"बसलं मावशी."

"न्हाय, नीट सांग. पोरं म्हंत्यात, बाजाराला घोडी इक. मी म्हनलं, मिस्त्रीला इचारल्याबिगर इकायची न्हाय. पाईप जोडनाऱ्यालाच ठावं असतं. इकू का?"

मी तारेचा शेवटचा पीळ देत होतो. वर बघितलंसुद्धा नाही. मनात म्हटलं, मंगळवारी फ्लँज टाकणारच आहे, हिला कशाला घाबरवू? आणि म्हणालो, "इका की मावशी. आता कशाला पायजे घोडी?"

उद्घाटन झोकात झालं. टँकरनं भरलेल्या टाकीतनं नळाला पाणी आलं, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. भाऊसाहेबाला काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला. बाभळीखालच्या जोडातनं त्या दिवशी थेंबसुद्धा गेला नव्हता. मोटर चालूच केली नव्हती.

मंगळवार आला. मी म्हणालो, फ्लँज आल्यात, जाऊन येतो. भाऊसाहेब म्हणाला, "आता कशाला? पाणी येतंय की. आधी पुढच्या गावाचं चर बघा." मी पुढच्या गावाचं चर बघायला गेलो. बैलसुद्धा एखाद्या वेळेला मान हलवतो, मी तेवढंही केलं नाही.

टँकरचं पाणी संपलं, मोटर चालू केली, आणि पाणी चढावर निम्म्यात जायच्या आत जोड निसटला. एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. मी भाऊसाहेबाला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." आठवड्यानं दुसरा निरोप आला. पुन्हा "बघू." माझं डोकं बघा कसं चालायचं: काम त्याचं, दाखला त्याचा, त्यानं म्हटल्याशिवाय मी का जाऊ? असे तीन आठवडे गेले. फ्लँज दुकानात पोत्यात पडून होत्या.

मग बाजारच्या दिवशी, दुकानात सात-आठ गिऱ्हाईकं असताना, ठकूबाई आली. निमगावपर्यंत चालत आणि तिथनं एसटीनं. पायरीवर जरा वेळ दम खात बसली. मी म्हणालो, "मावशी, या, पाणी घ्या." तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पिशवीतनं करपलेला पांढरा तुकडा काढला, त्याला अजून माझी तार लोंबत होती, आणि काउंटरवर ठेवला.

"ह्ये बसलेलं न्हाय," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला लागलो, भाऊसाहेब, दाखला, पुण्याहून माल. तिनं हात वर केला.

"मी भाऊसायबाला इचारलं नव्हतं. तुला इचारलं हुतं."

एवढं बोलून ती मानेवरचा पदर सारखा करायला लागली तेव्हा मला दिसलं, तिला मान सरळ धरता येत नव्हती. घोडी बाजारात विकली गेली होती. सुनेला दिवस भरत आलेले, तिला हंडा उचलू द्यायची नाही. पोरं पहाटेच कामाला जायची. तीन आठवडे ही बाई सहा माणसांचं पाणी डोक्यावरनं चढावर नेत होती. सत्तरीत. माझ्या एका शब्दावर.

मी त्याच एसटीनं तिच्याबरोबर निघालो. पोत्यात फ्लँज, रबर, बोल्ट, तवा, स्टो, सगळं घेतलं. बाभळीखाली बसलो. काळ्या पाईपचं टोक साफ कापलं, तवा तापवून त्याला कॉलरचा, म्हणजे फ्लँज अडकून राहावी अशा जाड कडेचा, तुकडा वितळवून जोडला, थंड होईपर्यंत हात लावला नाही. पांढऱ्या बाजूला फ्लँज घासून, पुसून, सोल्युशन लावून बसवली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवली. मुक्काम वस्तीवरच्या देवळात केला. सकाळी मध्ये रबर घातलं, बोल्ट समोरासमोरचे एकेक करत आवळले. मोटर चालू करायला सांगितली. पाणी चढलं, टाकी भरली, वरनं बायांचा गलका ऐकू आला. मी वर गेलो नाही. जोडाखाली कोरडं वर्तमानपत्र अंथरलं आणि दिवसभर तिथंच बसून राहिलो.

ऊन उतरलं तेव्हा ठकूबाई आली. वाकता येत नव्हतं तरी वाकली आणि कागदावर सगळीकडनं हात फिरवून बघितला. कोरडाठाक.

मी म्हणालो, "आता बसलं, मावशी. आता खरंच बसलं."

ती म्हणाली, "व्हय. मग घोडी आन माघारी."

ती रडली नाही, ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती वाट बघत उभी राहिली, मी खरंच उठून घोडी आणणार असल्यासारखी. मग वळली आणि हळूहळू चढावरनं वर गेली.

मी घोडी शोधली. हे सांगतोय ते स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायला नाही. बाजारातला व्यापारी माणदेशाकडचा निघाला. त्याच्या गावाला दोनदा गेलो. पहिल्यांदा तो भेटला नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, तांबूस घोडी ना, व्हय, पुढं दिली, पण कुणाला ते आता ध्यानात न्हाय. त्यानंतर कुठं तांबूस घोडी दिसली की मी मोटरसायकल थांबवून बघायचो. पाखरी मी जवळनं नीट बघितलेलीसुद्धा नव्हती. ओळखणार कशी होतो, देव जाणे.

पुढची तीन गावं मी सोडली. भाऊसाहेबाला तोंडावर सांगितलं, आणि काय सांगितलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. त्याचं काही बिघडलं नाही. त्यानं दुसरा मिस्त्री धरला, पाचट सगळीकडं मिळतंच. टाकीवरच्या संगमरवरी पाटीवर त्याचं नाव अजून आहे. त्याचा मला राग येतो. पण खरं सांगू का? त्याच्यावरच्या रागाला मी कधी अर्धा दिवससुद्धा दिला नाही. तो त्याच्या जातकुळीला धरून वागला. मला काळ्याला काय धरतं आणि काय धरत नाही ते ठाऊक होतं. मला विचारलं होतं, आणि मी तार पिळत, वर न बघता उत्तर दिलं. ते आठवलं की आजही जेवता जेवता ताट सरकवतो.

ठकूबाई नंतर सात-आठ वर्षं होती. नळाला पाणी येत राहिलं, सुनेला मुलगी झाली, तिचंही लग्न झालं असेल आता. बाई नळावर पाणी भरायची, पण मान शेवटपर्यंत वाकडीच राहिली असं तिच्या धाकट्या पोराकडनं कळलं. बाभळीखालचा जोड आजपर्यंत गळला नाही. वस्तीवरचे लोक कौतुकानं सांगतात, मिस्त्री, तुमचा जोड एक नंबर. त्यांनी असं म्हटलं की मला उठून जावंसं वाटतं.

म्हणून परवाच्या त्या माणसावर ओरडलो. पांढरा आणि काळा असे दोन तुकडे घेऊन, जोरातलं सोल्युशन मागायला आला होता. तुकडे काउंटरवरच विसरून गेलाय. न्यायला येईलच. फ्लँज, रबर, बोल्ट, सगळं काढून बाजूला ठेवलंय, जोडूनही देईन. पण त्याआधी त्याला एकच विचारणार आहे, तुमच्या घरी आत्ता पाणी कोण आणतं?